पानिपतचा पेंढा आणि पुण्याची बुरशी

पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहासावर लेख लिहावयाचा म्हणजे तो १७६१ सालावरच असणार, अशी वाचकांची समजूत असल्यास तिला आम्ही दोष देत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखाची मागणी झाली तेव्हा आमच्याही मनात प्रथम भाऊसाहेब, विश्वासराव आणि काला आंब हेच आले. परंतु त्या विषयावर अधिकारी पुरुषांनी इतके लिहून ठेवले आहे की, बदल्यांबरोबर गावे बदलीत केंद्र सरकारची नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने त्यात कोणती भर घालावी? म्हणून त्या मोहिमेतील एकच वस्तू आम्ही उचलली आहे. ती वस्तू म्हणजे वैरण.

१७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्यात अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट त्याने अडविली. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच महिने, मराठ्यांची छावणी पानिपतास अडकून पडली. रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लाकूडफाटा व गवत आणण्यासाठी रात्री छावणीबाहेर पडणारी माणसे शत्रूच्या गस्तीत सापडून कापली जाऊ लागली. घोडा हीच ज्या सैन्याची शक्ती, त्याचे घोडे लढाईपूर्वीच उपासाने खंगले. पानिपतचा निकाल तोफांनी लागला की दुफळीने लागला, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. परंतु ज्याने दारी जनावर बांधले आहे त्याला, निकालाचा बराच भाग वैरणीच्या गंजीत होता हे आमचे म्हणणे पटावे.

आज त्याच भूमीवर वैरण जाळतात. दसरा उलटला, भाताची कापणी झाली, की कर्नाल-पानिपत भागात संध्याकाळच्या वेळी शेतांच्या कडेने तांबड्या रेघा दिसू लागतात आणि सकाळी सूर्य पितळेच्या थाळीसारखा निस्तेज होऊन वर येतो. आमचे बालपण कोकणात गेले. तेथे भाताच्या पेंढ्याची उडवी हे घरच्या सुबत्तेचे चिन्ह. वर्षभर गुरे त्यावर पोसावयाची, भाताच्या मुड्या त्यानेच बांधावयाच्या, आणि शेजाऱ्याने एक भारा न विचारता नेला तरी त्यावरून महिनाभर बोलणे बंद व्हावयाचे. तो पेंढा कोणी काडी लावून जाळतो, हे येथे बदलून आल्यावर प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस अन्नाचा अपमान पाहावा तसे वाटले. एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारलेही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या म्हशी गव्हाचा भुसा खातात. ही पराली त्यांच्यापुढे टाकली तर त्या तोंड फिरवतात. आणि गहू पेरायला मला पंधरा दिवस आहेत. तुम्ही सांगा काय करू?"

आम्हांला काही सांगता आले नाही. पुढे चौकशीअंती कळले की, त्याचे पंधरा दिवस ही केवळ सबब नव्हती. भात हे या भागातले मूळचे मोठे पीक नव्हे. हरितक्रांतीच्या काळात कूपनलिका आणि हमीभाव यांच्या आधाराने ते पसरले. भूगर्भातील पाणी खाली जाऊ लागले तेव्हा २००९ साली हरियाणात कायदा झाला आणि १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई झाली. पाणी वाचावे हा हेतू चांगला होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, आणि कापणी व गव्हाची पेरणी यांतले अंतर आखडले. त्यातच कापणी यंत्राने होऊ लागली. विळ्याने कापलेल्या भाताचा भारा बांधता येतो. यंत्र दाणा घेऊन पेंढा विस्कटून टाकते आणि बुडखे उभे ठेवते. एका चांगल्या कायद्याने दुसऱ्या अडचणीस जन्म द्यावा, हा प्रकार सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला अपरिचित नाही.

अशा या पार्श्वभूमीवर १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरात, बहोली गावानजीक, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल, म्हणजे इंधनी अल्कोहोल, तयार करण्याचा इंडियन ऑइलचा कारखाना पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. खर्च ९०० कोटी रुपयांहून अधिक. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा घेऊन सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल द्यावयाचे, ही त्याची योजना. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचे. प्रमोद चौधरी यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने त्यापूर्वी पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात एक लहान प्रात्यक्षिक कारखाना चालवून पाहिला होता. पुण्याने पानिपतास पुन्हा काही धाडले आणि तेही वैरणीच्याच बाबतीत, या योगायोगाने आमच्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. गवतातून दारू निघते कशी, ही युक्ती प्रथम कोणास सुचली, आणि ती येथवर येण्यास इतका काळ का लागला, हे शोधण्याचा आम्हांस छंद जडला. मंडळातील एका रसायन अभियंता स्नेह्याने आमच्या अज्ञानाला न कंटाळता बरेच समजावून दिले. लेखात चूक आढळल्यास ती आमच्या समजुतीची मानावी, त्यांच्या सांगण्याची नव्हे.

आरंभ फ्रान्समध्ये होतो. १८१९ साली नॅन्सी येथील आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने तागाच्या जुन्या चिंध्यांवर तीव्र सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया केली, मग तो लगदा पाण्यात उकळला आणि त्यातून साखर काढली. चिंध्यांची साखर! ज्या पानिपतात जगभरच्या टाकलेल्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात आणि त्यांचे पुन्हा सूत व घोंगड्या होतात, तेथील रहिवाशाने हे वाचून क्षणभर थांबावे, यात आश्चर्य नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, हिशेबाने पाहिले तर निघणारी साखर मूळ द्रव्याहून वजनाने अधिक भरावयास हवी. कारण या विक्रियेत पाण्याचा रेणू साखळीच्या प्रत्येक दुव्यात शिरतो. १६२ भार सेल्युलोज आणि १८ भार पाणी मिळून १८० भार ग्लुकोज, असा तो जमाखर्च आहे. सेल्युलोज हे नाव मात्र ब्राकोनोस ठाऊक नव्हते. ते द्रव्य वनस्पतींतून वेगळे काढण्याचे श्रेय १८३८ साली आन्सेल्म पायेन यास मिळाले, आणि नाव त्यानंतरचे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. भाताच्या दाण्यात स्टार्च असतो आणि पेंढ्यात सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. मणी तेच, ओवण्याची तऱ्हा तेवढी निराळी. स्टार्चच्या माळेत प्रत्येक मणी एकाच बाजूने ओवलेला असतो, त्यामुळे ती माळ वळत वळत सैल राहते. पाण्यात शिजते, लाळेने विरघळते, आपले पोट भरते. सेल्युलोजच्या माळेत एकाआड एक मणी उलटा असतो. एवढ्याशा फरकाने ती माळ सरळ, ताठ होते. अशा सरळ माळा शेजारी शेजारी बसून एकमेकींस हायड्रोजनाच्या बंधांनी घट्ट धरतात, त्यांचे स्फटिकासारखे जुडगे बनते, आणि पाणीसुद्धा आत शिरू शकत नाही. दाणा आणि पेंढा, अन्न आणि कचरा, यांतील भेद रसायनशास्त्राच्या दृष्टीने मण्याच्या या पालथेपणात आहे.

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. परंतु पेंढ्यातील सेल्युलोज एकटे राहत नाही. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोज या दुसऱ्या शर्करांच्या आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात आणि त्या सर्वांना लिग्निन नावाचे कठीण, लाखेसारखे द्रव्य चिकटवून ठेवते. सेल्युलोज ही सळई, लिग्निन हे सिमेंट, असे म्हटले तरी चालेल. भाताच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. भाताचे रोप मातीतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषून घेते आणि आपल्या पानांच्या व काडीच्या वरच्या थरात काचेच्या कणांसारखी साठविते. त्याने रोप ताठ राहते आणि कीड सहजासहजी चावत नाही. पेंढा जाळला असता शेकडा १२ ते १८ इतकी राख राहते आणि तिचा मोठा भाग हीच सिलिका असते. म्हशी तोंड फिरवतात त्याला आणि पुढे यंत्रांची पाती झिजतात त्यालाही हेच एक मुख्य कारण.

अम्लाने लाकडाची साखर करण्याचे कारखाने युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाले. जर्मनीत शोलर याची पद्धत प्रसिद्ध होती आणि सोव्हिएत देशांत तर ते दीर्घकाळ चालले. पण अम्ल भांडी खाते आणि तापमान वाढविले तर झालेली साखरही खाते. मार्ग निघाला तो भलत्याच दिशेने. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि कपडे विलक्षण वेगाने कुजू लागले. शत्रूपेक्षा बुरशीने अधिक कापड खाल्ले, असे म्हणण्याची पाळी आली. तेव्हा कापड वाचविण्यासाठी या बुरश्यांचा अभ्यास सुरू झाला. सॉलोमन बेटांतील बोगनव्हिल येथे एका कुजक्या सुती कनातीवर सापडलेली बुरशी नमुना म्हणून जपून ठेवली गेली. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते खाणारी बुरशी सेल्युलोज तोडणारे एंझाइम बाहेर टाकीत असली पाहिजे, हे उघड होते. मारावयास निघालेले हे लोक पुढे त्या बुरशीचे पालनकर्ते झाले. १९७७ साली तिला रीझ यांच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीझी असे नाव मिळाले. आज जगात उद्योगासाठी वापरले जाणारे या जातीचे सारे वाण त्या एका कनातीवरच्या बुरशीचे वंशज आहेत. युद्धाच्या छावणीतील सडक्या कापडाने शास्त्राचे दार उघडावे, हे पानिपतात बसून लिहिताना आम्हांस विशेष जाणवते.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव चौपट झाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष गवत, लाकूड, उसाचे चिपाड यांकडे वळले. आपल्या देशातही वळले. दिल्लीच्या आय. आय. टी.त तरुणकुमार घोष यांनी या विषयाचे केंद्र उभारले. सेल्युलोज तोडणाऱ्या एंझाइमांची शक्ती मोजण्याची त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली पद्धत पुढे जगभर प्रमाण मानली गेली. आणि पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जीवरसायन विभागाने हेच काम हाती घेतले. आमच्या लेखाचे खरे स्थान हे आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

ही प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. उद्योगास उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तेथेच आहे. शेकडो बुरश्या, जंतू आणि यीस्ट तेथे जणू दप्तरातील फायलींप्रमाणे क्रमांक लावून ठेवलेले असतात, फरक एवढाच की त्या जिवंत असतात. तेथील संशोधकांनी परदेशी बुरशी आणून तिच्यावर भागविले नाही. सदाना आणि त्यांचे सहकारी यांनी भुईमुगासारख्या पिकांचे बुड कुजविणाऱ्या स्क्लेरोशियम रोल्फसी या बुरशीचा अभ्यास केला. श्रीनिवासन, माला राव, वासंती देशपांडे प्रभृतींनी पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम ही बुरशी घेतली. तिची निवड का महत्त्वाची, ते सांगावयास हवे. सेल्युलोज तुटते ते तीन प्रकारच्या एंझाइमांनी. एक साखळीला मध्येच घाव घालते. दुसरे टोकापासून दोन दोन मण्यांचे तुकडे सोडविते. तिसरे त्या जोड्या फोडून सुटे ग्लुकोज करते. अमेरिकेच्या बुरशीत पहिली दोन भरपूर, पण तिसरे तोकडे. मग न फुटलेल्या जोड्या साचतात आणि साचल्या की पहिल्या दोघांचेही काम अडवून धरतात. एखाद्या कचेरीत शेवटच्या सहीचा अधिकारी रजेवर गेला म्हणजे खालच्या साऱ्या टेबलांवर कागद तुंबतात, तसाच हा प्रकार. पुण्याच्या पेनिसिलियममध्ये ते तिसरे एंझाइम उत्तम प्रमाणात होते. पेंढा, चिपाड यांसारख्या द्रव्यांवर या बुरशीच्या एंझाइमांची क्रिया कशी होते, याविषयीचा त्यांचा निबंध १९८४ साली परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

परंतु आमचे चित्त वेधले ते दुसऱ्याच कामाने. माला राव, वासंती देशपांडे, केसकर आणि श्रीनिवासन या चौघांनी १९८३ साली न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीवर एक निबंध प्रसिद्ध केला. एरव्ही पद्धत अशी की, एका बुरशीकडून एंझाइम करून घ्यावयाचे, त्याने साखर करावयाची आणि मग ती साखर यीस्टच्या स्वाधीन करून तिचे अल्कोहोल करावयाचे. पुण्याच्या या संशोधकांनी दाखविले की, न्यूरोस्पोरा ही एकटी बुरशी सेल्युलोज तोडतेही आणि झालेल्या साखरेचे अल्कोहोलही करते. १९८६ साली देशपांडे, केसकर, मिश्रा व राव यांनी याच धर्तीवर हेमिसेल्युलोजचीही वाट लावून दाखविली. हे विशेष अवघड, कारण हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही पाच कार्बनांची शर्करा साध्या यीस्टला पचत नाही. तो तिच्याकडे, येथील म्हैस परालीकडे पाहते तसा पाहतो.

या न्यूरोस्पोराचे कुळ मोठे नामांकित. १८४३ च्या सुमारास पॅरिसच्या बेकऱ्यांत पावावर नारिंगी रंगाची बुरशी चढून हाहाकार उडाला होता, ती हीच जात. १९४१ साली बीडल आणि टेटम यांनी तिच्यावरच प्रयोग करून जनुक व एंझाइम यांचा संबंध सिद्ध केला आणि १९५८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आणखी एक गोष्ट आमच्या स्नेह्याने सहज सांगितली. ती ऐकून आम्ही काही काळ गप्प बसलो. या बुरशीचे टणक बीजाणू एरव्ही झोपलेले असतात. त्यांना सुमारे ६० अंशांची उष्णता लागली की ते जागे होतात. म्हणून ती निसर्गात आढळते ती मुख्यतः जळलेल्या वनस्पतींवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमेश माहेश्वरी यांनी कर्नाटकात कापणीनंतर पेटविलेल्या उसाच्या शेतांत तिचा जीवनक्रम अभ्यासला आहे. शेत जाळल्यावर जी उगवते, तीच बुरशी न जाळता शेतातील काडाचे इंधन करू शकते, हे पुण्यात ऐंशीच्या दशकाच्या आरंभी माहीत झालेले होते.

मग १९८३ पासून २०२२ पर्यंत काय झाले? कोणी संशोधन दडपून ठेवले, अशी आपल्याकडे सर्वांत आवडणारी कथा येथे लागू नाही. निबंध छापलेले होते, वाचले जात होते. पण १९८६ साली, म्हणजे पुण्याच्या दुसऱ्या निबंधाच्याच वर्षी, जगात तेलाचे भाव कोसळले आणि गवताच्या अल्कोहोलची निकड संपली. आपल्याकडे तर साखर कारखान्यांची मळी स्वस्तात उपलब्ध होती; मळीत तयार साखर असते, तेथे माळ तोडण्याची यातायातच नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रयोग २००१ साली झाला तोही महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड व उत्तर प्रदेशात बरेलीकडे. त्यामागे मळीच होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले, पण ते मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ यांच्या बळावर. तांदळाचा दाणा मद्यार्काच्या भट्टीत आणि त्याच तांदळाचा पेंढा शेतातल्या आगीत, असा हा उलटा संसार आहे. सरकारी धोरणावर भाष्य करणे आम्हांस आमच्या सेवेच्या नियमांनी वर्ज्य आहे. केवळ वस्तुस्थिती नमूद करतो.

न्यूरोस्पोराचीही बाजू सांगितली पाहिजे. एंझाइम तयार करताना तिला भरपूर हवा लागते आणि अल्कोहोल करताना हवा कोंडावी लागते. शिवाय ती सावकाश काम करते. कारखानदाराला वेळ म्हणजे टाक्या आणि टाक्या म्हणजे भांडवल. म्हणून बहोलीस जी पद्धत आली तीत कामाची वाटणी आहे. पेंढा स्वच्छ करून तोडावयाचा, सौम्य अम्ल व वाफ यांनी त्याची बांधणी सैल करावयाची, मग एंझाइम घालून साखर करावयाची, पाच व सहा कार्बनांच्या दोन्ही शर्करा आंबवू शकणाऱ्या विशेष यीस्टने त्यांचे अल्कोहोल करावयाचे, ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढावयाचे, आणि उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळावयाचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या जुन्या यू. डी. सी. टी.त, अरविंद लाली यांनीही अशीच एक पद्धती विकसित केली होती. तिचे रोज १० टन काडाचे प्रात्यक्षिक २०१६ पासून काशीपूर येथे झाले.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब केला. एक टन कोरड्या पेंढ्यात साधारण ३५० किलो सेल्युलोज धरले तर त्याचे सुमारे ३९० किलो ग्लुकोज व्हावे. १८० भार ग्लुकोजातून ९२ भार अल्कोहोल आणि ८८ भार कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे निम्मे हवेत जाणारच. तरी सुमारे २५० लिटर अल्कोहोल मिळावे. आणि हेमिसेल्युलोजही कामी आले तर ४०० लिटरपर्यंत. कारखान्याची योजना मात्र २ लाख टनांस ३ कोटी लिटर, म्हणजे टनास १५० लिटरांची आहे. उरलेले कोठे गेले? काही पेंढ्यातल्या ओलाव्याच्या आणि मातीच्या रूपाने मुळात नव्हतेच. काही यीस्टने स्वतःच्या पोटासाठी खाल्ले. बाकीचे अद्याप त्या ताठ माळांच्या जुडग्यातच अडकून राहिले आहे. ब्राकोनोच्या चिंध्यांपासून २०० वर्षे शास्त्रज्ञ ज्या गाठीशी झगडत आहेत, ती कागदावर आकडा मांडून सुटत नाही.

त्याहून मोठी गाठ कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. इतर कच्चा माल बाराही महिने येतो. पेंढा वर्षातून एकदा, तीन-चार आठवड्यांत, शेकडो शेतांतून गोळा करावयाचा, बेलर यंत्राने त्याचे गठ्ठे बांधावयाचे, आणि ते पुढे वर्षभर पाऊस व आग यांपासून सांभाळावयाचे. गठ्ठ्याबरोबर माती येते, खडे येतात. सिलिका तर अंगातच असते. पाती, झडपा आणि मळसूत्री वाहक त्याने कातरले जातात. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने मक्याच्या काडापासून इथेनॉल करण्याचा भव्य कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि दोन वर्षांत तो बंद करण्याचे जाहीर केले. युरोपात क्लॅरियंटने रुमानियात पोदारी येथे गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना उभारला. तोही २०२३ च्या अखेरीस गुंडाळण्याचा निर्णय झाला. बहोलीच्या कारखान्यालाही पहिल्या वर्षांत पूर्ण क्षमता गाठता आली नाही. काही मंडळी त्याची थट्टा करतात. आम्हांस ती रुचत नाही. मोठ्या भांडवलाच्या विदेशी कंपन्यांनी जेथे हात टेकले, तेथे या प्रयत्नाला आणखी काही वर्षे मिळाली पाहिजेत, असे आमचे मत आहे. आणि पानिपतात श्वास घेणारा माणूस म्हणून ते मत सर्वथा निःस्वार्थी नाही, हेही कबूल करतो. कार्तिकातल्या त्या धुरात आमच्या घरी रात्री खोकल्याचा आवाज थांबत नाही.

आम्हांस ज्या मंडळींचे नवल वाटते ती मात्र पाषाणच्या प्रयोगशाळेतील. माला राव आणि वासंती देशपांडे यांनी पुढेही एंझाइमांवरच काम चालू ठेवले. प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांवरील, देशपांडे आणि राव ज्याच्या लेखकांत आहेत तो समीक्षालेख १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि जगातील संशोधकांनी तो हजारो वेळा आधारास घेतला आहे. पानिपतच्या पेंढ्याशी त्याचा संबंध नाही, पण हेमिसेल्युलोज तोडणाऱ्या झायलानेज एंझाइमांवरचा कुलकर्णी, शेंड्ये व राव यांचा १९९९ सालचा लेख मात्र थेट याच काडाच्या चिवटपणाशी जाऊन भिडतो. आपल्या मराठी मंडळांत पुण्याच्या नाटकांविषयी, मिठाईविषयी आणि माणसांच्या तऱ्हांविषयी पुष्कळ बोलले जाते. या नावांचा उल्लेख आम्ही आजवर कोणत्याही कार्यक्रमात ऐकलेला नाही. निदान स्मरणिकेत तरी ती छापली जावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गेल्या १४ जानेवारीस नेहमीप्रमाणे आम्ही काही मराठी मंडळी काला आंब येथे गेलो होतो. धुके दाट होते. परतताना रस्त्यावर आमची गाडी बराच वेळ एका ट्रॅक्टरच्या मागे अडकली. त्याच्या ट्रॉलीवर पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे रचलेले होते, इतके उंच की वरचे धुक्यात दिसत नव्हते. पुण्याहून खास या दिवसासाठी आलेल्या एका पाहुण्यांनी विचारले, "एवढी वैरण कोठे नेतात हो?" आमच्या रसायन अभियंता स्नेह्यांनी बहोलीच्या दिशेने हात केला आणि सांगावयास सुरुवात केली. ट्रॅक्टर वळला तरी त्यांचे सांगणे सेल्युलोजपर्यंतच आले होते.